सहाशे बारा नोंदी, चौऱ्याहत्तर ठिपके

"दोन महिन्यांत होऊन जाईल," असं गाईड मॅडम म्हणाल्या आणि मी मान डोलावली. तारीख होती ३ जून २०२४. काम हातावेगळं झालं ११ फेब्रुवारी २०२५ला. या आठ महिन्यांत प्रत्यक्ष मॉडेल चालवायला लागलेला वेळ मोजला तर जेमतेम दोन दिवस भरेल. बाकीचे दिवस कोणत्या वाटेनं जायचं हे ठरवण्यात, चुकीच्या वाटेवरून परत फिरण्यात आणि ईमेलची वाट बघण्यात गेले. तेव्हा मला असं चुकांसकट लिहिलेलं काही सापडलं असतं तर निदान ऑगस्टमधली रडारड वाचली असती, म्हणून हे लिहितेय.

काम असं होतं: डोंगराळ भागात वाढणाऱ्या एका झुडपाला आज कुठलं हवामान मानवतं ते शोधायचं आणि २०४१ ते २०७० या काळात तसं हवामान कुठे उरेल याचा नकाशा करायचा. झुडपाचं नाव आणि प्रदेश मुद्दामच लिहीत नाही. त्याच्या मुळांची चोरटी विक्री होते, आणि नकाशावरचा ठिपका खणणाऱ्यालाही वाचता येतो.

प्रजातींचं वितरण-मॉडेल ऐकायला अवघड वाटतं, पण कल्पना सोपी आहे. वनस्पती जिथे सापडली तिथलं तापमान-पाऊस संगणकाला दाखवायचा आणि तसंच हवामान आणखी कुठे आहे हे त्याला विचारायचं. अवघड आहे ते पर्याय निवडणं. नोंदी कुठून घ्यायच्या, हवामान कुणाचं, गणित कोणतं, तपासायचं कसं, या प्रत्येक पायरीवर चार-पाच रस्ते फुटतात आणि प्रत्येक रस्त्यावर कुणीतरी शोधनिबंध लिहून ठेवलेला असतो.

नोंदींसाठी सगळे जातात तिथेच, म्हणजे जीबीआयएफवर गेले. जगभरातली हर्बेरियम (वाळवलेल्या वनस्पतींचे संग्रह), संग्रहालयं आणि हौशी निरीक्षकांच्या नोंदी तिथे एका जागी मिळतात. शोधायला खातं लागत नाही, डाउनलोड करायला लागतं, आणि ते फुकट आहे. शोधण्याआधी झुडपाची जुनी नावं तपासून घेतली हे बरं झालं. आमचं झुडूप पूर्वी वेगळ्या जीनसमध्ये (वंशात) होतं, आणि जुन्या हर्बेरियम शीटांवर तेच नाव आहे. १० जूनला डाउनलोडची विनंती टाकली, चहा करून येईपर्यंत ईमेल आली: ६१२ नोंदी. सोबत त्या डाउनलोडचा स्वतःचा डीओआय, म्हणजे कायमचा ओळख-क्रमांक. हा डीओआय त्याच दिवशी वहीत लिहून ठेवा. मी तो लिहिला नाही, दोनदा पुन्हा डाउनलोड केलं, दर वेळी नोंदी थोड्या वेगळ्या आल्या आणि शेवटी कोणत्या संचावर काम केलं हे शोधायला एक अख्खी दुपार गेली.

६१२ हा आकडा बघून मी खूश होते. मग चाळायला बसले. १४८ नोंदींना अक्षांश-रेखांशच नव्हते, उरल्या ४६४. त्यातल्या १७१ दुबार, कारण एकाच दिवशी एकाच जागी तोडलेल्या फांदीच्या प्रती चार हर्बेरियमना पाठवलेल्या असतात आणि चारही जण ती आपापली म्हणून नोंदवतात. राहिल्या २९३. जुन्या काळातल्या ६२ काढल्या, कारण १९३०मध्ये तोडलेल्या फांदीला १९९५चं हवामान चिकटवण्यात अर्थ नाही. आता २३१. यासाठी वर्षाची मर्यादा मी आधी १९७० धरली होती, पुढे हवामानाचा संच बदलला तेव्हा ती १९८१ केली. इथले आकडे शेवटचे आहेत.

यापुढची गाळणी जास्त त्रासाची होती. ७६ नोंदींचं स्थान फार ढोबळ होतं. काहींच्या पुढे अनिश्चितता वीस-तीस किलोमीटर लिहिलेली. हा कुणाचा आळस नव्हता. संकटग्रस्त प्रजातींच्या नोंदी आयनॅचरलिस्ट या हौशी निरीक्षकांच्या संकेतस्थळावर मुद्दाम धूसर केल्या जातात, ०.२ अंशाच्या चौकोनात ठिपका कुठेतरी टाकून दिला जातो. सपाट मैदानात हे कदाचित चाललं असतं. डोंगरात वीस किलोमीटर सरकलं की माणूस दरीतून शिखरावर जातो आणि तापमान दहा अंशांनी बदलू शकतं. काही नोंदींत अनिश्चिततेचा रकाना कोराच होता. कोरा म्हणजे शून्य नव्हे, हे मला आठवडाभरानं लक्षात आलं. तिथे मी असा नियम केला: दशांश चिन्हापुढे किमान तीन अंक असतील आणि लेबलवरचं वर्णन नकाशाशी जुळत असेल तरच ठेवायचं. एका लेबलवर फक्त "उत्तरेचा उतार, झऱ्याच्या वर, ओला खडक" एवढंच होतं. त्या एका ओळीवरून जागा शोधायला मला दोन तास लागले, पण सांगायला हरकत नाही, सगळ्या प्रकल्पातले हे दोन तास मला सर्वांत आवडले.

धूसर नोंदींचे खरे अक्षांश-रेखांश मिळावेत म्हणून ८ जुलैला संबंधित संग्रहाकडे अर्ज केला. अर्जात प्रकल्पाचा सारांश, गाईडची सही, डेटा कुठे साठवणार, कोण बघणार आणि काम झाल्यावर त्याचं काय करणार हे सगळं लिहायचं होतं. मी शेवटचा रकाना रिकामा सोडला, म्हणून अर्ज एकदा परत आला. उत्तर आलं २४ ऑगस्टला, ४७ दिवसांनी. २१ नोंदी मिळाल्या, दोन अटींवर: छापील नकाशा १० किलोमीटरपेक्षा बारीक नको, आणि काम संपल्यावर फाइल पुसून तसं कळवायचं. तुमच्या झुडपालाही असं संरक्षण असेल तर हा अर्ज पहिल्याच आठवड्यात टाका. वाट बघायचीच आहे तर ती इतर कामांबरोबर बघितलेली बरी.

थोडक्यात, ७६ गेल्या, २१ परत आल्या, १७६ झाल्या. त्यातून १९ आणखी काढल्या. समुद्रात पडलेले ठिपके, प्रदेशाच्या बरोबर मध्यबिंदूवर पडलेले ठिपके आणि वनस्पती उद्यानात लावलेली झाडं. उद्यानातल्या झाडाला माळी पाणी घालतो, त्याचं हवामानाशी फारसं नातं नसतं. यासाठी आर या संगणकभाषेतलं कोऑर्डिनेटक्लीनर हे पॅकेज फार कामाचं आहे. त्यात एक तपासणी खास जीबीआयएफच्या कोपनहेगनमधल्या कार्यालयावर पडलेले ठिपके शोधते. वाचून हसू आलं, पण असे ठिपके सापडत असणार म्हणूनच तपासणी आहे.

१५७ राहिल्या. त्याही एका घोळक्यात. एका पायवाटेवर हौशी निरीक्षकांनी एकाच झुडपाचे फोटो इतके काढले होते की मॉडेलला तेच जग वाटलं असतं. म्हणून एका चौकोनात एकच आणि दोन ठिपक्यांत ठरावीक अंतर अशी विरळणी केली. उरले ७४. सहाशे बाराचे चौऱ्याहत्तर. त्या रात्री मी कुणाशी धड बोलले नाही. पण पुढचे जवळजवळ सगळे निर्णय या ७४नंच घेतले, माझ्या आवडीनिवडीला तिथे फार जागा उरली नाही.

नोंदींचं हे काम चालू असतानाच मी घाईघाईनं मॉडेलही चालवून बघत होते, आणि ऑगस्टची रडारड इथली. जूनच्या शेवटी एक जुनं ट्युटोरियल धरून बसले होते. त्याची पहिलीच ओळ चालेना. आरमधली आरजीडॅल आणि आरजीओस ही नकाशाच्या कामाची पॅकेजेस ऑक्टोबर २०२३मध्ये निवृत्त केली गेली, आणि त्याआधी लिहिलेली अर्धीअधिक शिकवणी त्यांच्यावर उभी आहे. आता टेरा आणि एसएफ वापरायचं. ट्युटोरियलची तारीख आधी बघा, मग वाचा. मी तसं न करता दहा दिवस जुनी पॅकेजेस बसवण्यात घालवले.

मग प्रयोगशाळेतल्या एका सीनियरनं आपली हार्ड डिस्क दिली. "वर्ल्डक्लिम आहे यात, कशाला दहा जीबी उतरवत बसतेस?" वर्ल्डक्लिम म्हणजे जगभरच्या हवामानाच्या नकाशांचा संच, त्यातला एकेक नकाशा म्हणजे एक थर. त्यातले आजचे थर घेतले, भविष्याचे थर स्वतः उतरवले, मॉडेल चालवलं. ६ ऑगस्टच्या रात्री नकाशा आला. आज हिरवा पट्टा. भविष्यात पूर्ण पांढरा. झुडूप जगातून नाहीसं. मी रात्री साडेअकराला मॅडमना मेसेज केला. त्यांचं उत्तर सकाळी आलं, एकच ओळ: "एका ठिपक्यावरचे आकडे वाचून दाखव."

वाचले. आजच्या थरात वार्षिक सरासरी तापमान २१८. भविष्याच्या थरात २४.१. हार्ड डिस्कवर होती वर्ल्डक्लिमची १.४ आवृत्ती, जिच्यात तापमान दहानं गुणून पूर्णांकात साठवलेलं असतं. भविष्याचे थर २.१ आवृत्तीचे, सरळ अंश सेल्सिअसमध्ये. मॉडेलला वाटलं की जग २१.८ अंशांवरून २.४ अंशांवर आलंय. हिमयुगात माझं झुडूप मेलं होतं. शिवाय १.४चं आजचं म्हणजे १९६० ते १९९० आणि २.१चं १९७० ते २०००, तो घोळ वेगळाच. चूक डिस्क देणाऱ्याची नव्हती. मी थर उघडून एकदाही त्यातले आकडे वाचले नव्हते.

ही ओळ मी नंतर कागदावर लिहून टेबलासमोर चिकटवली: एका ठिपक्यावरचे आकडे वाचून दाखव. पुढे वर्कफ्लो निवडतानाही तीच कसोटी ठरली.

सप्टेंबर गेला हवामानाचा संच ठरवण्यात. माझ्यापुढे खरे पर्याय दोन होते, वर्ल्डक्लिम २.१ आणि चेल्सा २.१. दोन्ही ३० कोनीय सेकंदांचे (अंशाचे बारीक भाग), म्हणजे विषुववृत्तावर साधारण एक किलोमीटरचे चौकोन. दोन्ही फुकट. वर्ल्डक्लिम हवामान केंद्रांच्या नोंदींमधली रिकामी जागा उंची, किनाऱ्यापासूनचं अंतर, उपग्रहाची मापनं यांच्या मदतीनं भरून काढतं. चेल्सा वातावरणाच्या जागतिक पुनर्विश्लेषणावरून (जुनी मापनं आणि हवामान-मॉडेल जुळवून केलेल्या ढोबळ नकाशांवरून) बारीक चौकोनांपर्यंत खाली उतरतं, आणि पावसासाठी वारा डोंगराच्या कोणत्या बाजूला आदळतो हे हिशेबात घेतं. माझ्या डोंगरात हवामान केंद्रं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, तीही बहुतेक दरीत. दोन्हींचे पावसाचे थर एकमेकांतून वजा करून बघितले तर पठारावर फरक किरकोळ आणि वाऱ्याकडच्या उतारावर मोठा. माझे निम्मे ठिपके त्याच उतारावर. काळही चेल्साचा जवळचा होता, १९८१ ते २०१०. माझ्या बऱ्याच नोंदी मोबाइलच्या जमान्यातल्या आहेत. म्हणून चेल्सा घेतलं आणि वर्ल्डक्लिमवर सगळं एकदा पुन्हा चालवून निकाल किती हलतो ते बघायचं ठरवलं.

चेल्सातही आकडे वाचावेच लागतात. फाइलमध्ये वार्षिक सरासरी तापमान केल्विनच्या दहापट पूर्णांकात असतं, ०.१नं गुणून २७३.१५ वजा केलं की अंश सेल्सिअस. ही सूचना फाइलमध्येच लिहिलेली असते आणि काही सॉफ्टवेअर ती आपणहून पाळतात. आपलं पाळतंय का ते एका ठिपक्यावर बघायचं. या वेळी बघितलं.

हे थर पूर्ण पृथ्वीचे असतात, एका थरात नव्वद कोटींहून जास्त चौकोन. माझ्या लॅपटॉपची मेमरी ८ जीबी. पहिल्यांदा तापमान-पावसाचे सगळे १९ थर (बायो-१ ते बायो-१९) एकदम उघडले, पंखा विमानासारखा वाजला आणि पडदा गोठला. आधी अभ्यासक्षेत्राच्या चौकटीत थर कापून घ्यायचे, मगच पुढे जायचं. कापल्यावर तेच काम मिनिटांत व्हायला लागलं.

१९ थरांतून निवड करताना बायो-८, ९, १८ आणि १९ हे चार आधीच बाजूला ठेवले. सर्वांत ओल्या तिमाहीचं तापमान, सर्वांत उष्ण तिमाहीचा पाऊस असे हे मिश्र थर. शेजारच्या दोन चौकोनांत ओली तिमाही वेगवेगळ्या महिन्यांत पडली की तापमान एकदम उडी मारतं आणि नकाशावर कात्रीनं कापल्यासारखी रेघ उमटते. निसर्गात तिथे तशी काही रेघ नसते. उरलेल्यांत ज्यांचा परस्परसंबंध ०.७च्या वर होता त्या जोड्यांतला एकेक काढला. कोणता काढायचा हे मात्र संगणकावर सोडलं नाही. झुडपाला थंडीत पाला जळताना बघितलंय, उन्हाळ्यात कोमेजताना बघितलंय, म्हणून सर्वांत थंड महिन्याचं किमान आणि सर्वांत उष्ण महिन्याचं कमाल तापमान ठेवलं. सोबत वार्षिक पाऊस, पावसाचा ऋतुमानानुसार चढउतार आणि सॉइलग्रिड्स या मातीच्या जागतिक नकाशांमधून मातीचा सामू (पीएच). पाच थर.

आता मुख्य प्रश्न. गणिताची वाट कोणती? ३० सप्टेंबरला मी वहीच्या एका पानावर पाच नावं लिहिली आणि प्रत्येकाला दोन-तीन दिवस द्यायचं ठरवलं, तेच ७४ ठिपके आणि तेच पाच थर घेऊन.

पहिलं, मॅक्सएन्ट, म्हणजे ठिपक्यांवरच्या हवामानाची आसपासच्या हवामानाशी तुलना करणारं गणित, त्याची जावावर चालणारी मूळ खिडकी. २००६चा निबंध, २०१७पासून मुक्त स्रोत. ठिपक्यांची फाइल द्या, थरांचं फोल्डर द्या, बटण दाबा. दहा मिनिटांत नकाशा. त्याची हीच अडचण आहे. काही न ठरवताही नकाशा येतो, कारण तुमच्या वतीनं तोच ठरवतो. एक गंमत इथेच कळली. नेहमीच्या सेटिंगमध्ये ठिपके ८०पेक्षा कमी असले तर मॅक्सएन्ट साधे वक्र (तापमान किंवा पाऊस बदलला की अनुकूलता कशी बदलते ते दाखवणाऱ्या रेघा) वापरतो, ८० झाले की जास्त गुंतागुंतीचे. म्हणजे विरळणीआधीचे १५७ आणि नंतरचे ७४ या दोन संचांना त्यानं वेगवेगळी वागणूक दिली होती, आणि मी दोन नकाशांतला फरक विरळणीचा समजून बसले होते.

दुसरं, वॉलेस. आरच्या आतलं, पण माऊसनं चालवायचं. ज्याला कोड लिहायची भीती वाटते त्यानं इथूनच सुरुवात करावी. प्रत्येक पायरीला बाजूला माहिती असते आणि शेवटी तुम्ही काय केलं त्याचा कोडही तयार करून देतं. मला पुढे मातीचा थर आणि माझा स्वतःचा पार्श्वभूमीचा (तुलनेसाठीच्या बिंदूंचा) संच घालायचा होता, तिथे मला स्वतःच्या स्क्रिप्टमध्ये जास्त मोकळं वाटलं. पण शिकले मी वॉलेसवर, हे मान्य करते.

तिसरं, बायोमॉड-२. अनेक गणितं एकत्र चालवून त्यांची मोट बांधणारं. याच्या मी प्रेमात पडले होते. दहा गणितं, त्यांची सरासरी, रुबाबदार नकाशा. १० ऑक्टोबरला मॅडमना दाखवला. त्यांनी पडद्यावर पश्चिमेच्या कोपऱ्यातल्या एका लाल चौकोनावर बोट ठेवलं.

"हा लाल का?"

"दहापैकी सहा मॉडेल्स हो म्हणतात, मॅडम."

"ती का हो म्हणतात?"

मला सांगता येईना. सहांपैकी दोन गणितांनी ७४ ठिपके जवळजवळ पाठ केले होते, एकाचा वक्र करवतीसारखा दातेरी होता, आणि सरासरीत हे सगळं गुळगुळीत होऊन लपलं होतं. मोट बांधणं वाईट असं मी म्हणत नाही. भरपूर नोंदी असतील, आत काय चाललंय ते प्रत्येक बैलापाशी जाऊन बघायची तयारी असेल, तर जरूर बांधा. माझ्याकडे ना नोंदी होत्या ना तेवढा वेळ.

चौथं नाव यांत्रिक मॉडेलचं. झुडपाची शरीरक्रिया मोजून, ते किती तापमानाला किती पाणी गमावतं यावरून वितरण काढायचं. तत्त्वतः सर्वांत प्रामाणिक वाट हीच. पण त्यासाठी लागणारी मोजमापं आमच्या झुडपावर झालेलीच नाहीत. अर्ध्या दिवसात नाव खोडलं.

पाचवं, स्वतःची स्क्रिप्ट: टेरा, मॅक्सनेट (मॅक्सएन्टचंच आरमधलं रूप), सेटिंग निवडायला ईएनएमइव्हॅल आणि तपासणीचे तुकडे पाडायला ब्लॉकसीव्ही. सगळ्यात हळू, सगळ्यात कंटाळवाणी. पण ठिपक्यावर बोट ठेवलं की मागे मागे जात त्या चौकोनाच्या पाच आकड्यांपर्यंत पोचता येत होतं. १४ ऑक्टोबरला त्याच्यापुढे बरोबरची खूण केली.

संस्थेच्या सर्व्हरवर खातं हवं म्हणून २१ ऑक्टोबरला अर्ज दिला. खातं मिळालं ९ नोव्हेंबरला. मधे अर्ज एकदा परत आला, कारण "किती मेमरी लागेल" या रकान्यात मी "पुरेशी" असं लिहिलं होतं. तोपर्यंत लॅपटॉपवरच निम्मं काम उरकलं होतं. खरं सांगायचं तर कापलेल्या थरांना सर्व्हरची गरजच नव्हती.

नोव्हेंबर हा उतरणीचा महिना. माझ्या सुरुवातीच्या मॉडेलचा एयूसी (ठिपके इतर जागांपासून वेगळे ओळखण्याचा गुण; ०.५ म्हणजे नुसता अंदाज, १ म्हणजे अचूक) ०.९६ होता, आणि तो मी अभिमानानं दोघातिघांना सांगितलाही होता. मग लक्षात आलं की मी तुलनेसाठीचे दहा हजार पार्श्वभूमी बिंदू अख्ख्या खंडावर पसरले होते. डोंगरी झुडपाला वाळवंटापासून वेगळं ओळखायला मॉडेल कशाला हवं? झुडूप जिथवर पोचू शकलं असेल तेवढ्याच प्रदेशात बिंदू ठेवले. एयूसी ०.८१. पुढे नकाशावर रस्त्यांचा थर टाकला, तर ७४पैकी ५३ ठिपके रस्त्यापासून दोन किलोमीटरच्या आत. झुडपाला डांबर आवडत नाही, माणसांना चालायला आवडत नाही. उपाय म्हणून पार्श्वभूमीचे बिंदूही त्याच प्रदेशातल्या, त्याच कुळातल्या इतर वनस्पतींच्या नोंदींवरून घेतले, म्हणजे माणसांच्या चालण्याचा कल दोन्ही बाजूंना सारखा राहतो. शेवटी तपासणीसाठी ठिपके चिठ्ठ्या टाकून न विभागता प्रदेशाचे चार तुकडे पाडून, तीन तुकड्यांवर शिकवून चौथ्यावर परीक्षा घेतली. शेजारच्याची उत्तरपत्रिका बघायची सोय गेली. एयूसी ०.७४.

०.९६चं ०.७४ होताना पोटात खड्डा पडतो. आकडा कमी झाला म्हणून काम वाईट झालं असं वाटत राहतं. मी तीन दिवस दुसऱ्याच कामाला लागले. नुसत्या एयूसीवर विसंबू नये म्हणून बॉइस निर्देशांकही (मॉडेल जिथे अनुकूल म्हणतं तिथे ठिपके खरंच जास्त आहेत का ते सांगणारा) काढला. तो बरा आला, आणि मग परत बसले.

डिसेंबरमध्ये सेटिंगची निवड. चार प्रकारचे वक्र आणि ०.५ ते ४ पर्यंत आठ पायऱ्यांची लगाम-पट्टी (लगाम जितका जास्त, तितका वक्र साधा), म्हणजे ३२ मॉडेल्स. लॅपटॉपवर ४० मिनिटं लागली. सुरुवातीला रँडम सीड (संगणकाच्या यादृच्छिक निवडीचा आरंभ-आकडा) बांधून ठेवा, नाहीतर उद्याचं उत्तर आजच्याशी जुळणार नाही. आणि आरईएनव्हीनं पॅकेजांच्या आवृत्त्या गोठवून ठेवा. निवडलेलं मॉडेल साधं निघालं, रेषीय आणि वर्गीय (क्वाड्रॅटिक) वक्र, लगाम २.५. थंड महिन्याच्या किमान तापमानाचा वक्र उघडला तेव्हा मला पहिल्यांदा विश्वास वाटला. आधीच्या मॉडेलमध्ये तो चार ठिकाणी वर-खाली उड्या मारत होता. आता एकच टेकाड. थंडी वाढली की कमी, ऊब वाढली की कमी, मधे बरं. झाड असंच वागतं.

भविष्यासाठी चेल्साबरोबर पाच जागतिक हवामान मॉडेल्स मिळतात. मी २०४१ ते २०७० हा काळ आणि १२६ व ३७० हे दोन एसएसपी मार्ग (पुढे उत्सर्जन किती होईल याच्या शक्यता; १२६ कमी, ३७० जास्त) घेतले, म्हणजे दहा नकाशे. पाचांची सरासरी काढून एकच नकाशा दाखवायचा मोह आवरा. त्यातलं यूकेईएसएम हे ज्यादा तापणाऱ्यांपैकी आहे, त्याच्या नकाशात माझं झुडूप इतर चौघांपेक्षा कितीतरी वर चढतं. सरासरीत ही गोष्टच नाहीशी होते. किती मॉडेल्स सहमत आहेत याचा वेगळा नकाशा केला. शिवाय मेस नावाची तपासणी केली. भविष्यातलं जे हवामान आजच्या अभ्यासक्षेत्रात कुठेच नाही तिथे मॉडेल अंदाज देत नसतं, अंधारात दगड मारत असतं. तशा जागांवर तिरप्या रेघा मारल्या. दक्षिणेकडचा बराचसा भाग रेघांखाली गेला.

वर्ल्डक्लिमवर सगळं पुन्हा चालवलं तेव्हा मधला पट्टा तसाच राहिला, वाऱ्याकडच्या उताराची कडा सरकली. तेही लिहिलं. या सगळ्या निर्णयांची नोंद ठेवायला ओडमॅप नावाचा, २०२०मध्ये मांडला गेलेला एक तक्ता आहे. तो शेवटी भरायचा नसतो. मी शेवटी भरायला घेतला आणि विरळणीचं अंतर मी पाच किलोमीटर का ठेवलं हे मलाच आठवेना. स्क्रिप्टमधली जुनी टिपणं उकरून काढावी लागली.

खर्चाचं विचाराल तर सॉफ्टवेअर आणि डेटा यांना एक पैसाही लागला नाही. लागली एक बाहेरची हार्ड डिस्क आणि आठ महिने.

४ फेब्रुवारीला मॅडमना अंतिम नकाशा दाखवला. त्यांनी पुन्हा पश्चिमेच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. मी तिथले पाच आकडे वाचले, सामू जास्त आहे म्हणून इथे फिकट, असं सांगितलं. त्यांचं बोट दक्षिणेला सरकलं.

"आणि इथे?"

"तिथे मॉडेलला माहीत नाही, मॅडम. म्हणून रेघा."

"बरं. अक्षरं थोडी मोठी कर आणि पाठवून दे."

गाळून उरलेल्या नोंदींचा संच जीबीआयएफवर व्युत्पन्न डेटासंच म्हणून नोंदवता येतो, म्हणजे ज्यांच्या नोंदी वापरल्या त्यांना श्रेय पोचतं. तो डीओआय काढला. छापायचा नकाशा १० किलोमीटरच्या चौकोनांत ढोबळ केला. ११ फेब्रुवारीला त्या २१ नोंदींची फाइल लॅपटॉपवरून, सर्व्हरवरून आणि बॅकअपमधून पुसली, आणि तसं कळवणारी ईमेल टाकली. पोच दोन दिवसांनी आली.